सायवनची कंदीलवाली

डहाणूचे नाव काढले की मुंबईकराला चिकू आठवतात. घोलवड-बोर्डीच्या वाड्या, समुद्रकाठची सुरूची झाडे, इराणी-पारशांचे जुने बंगले आणि परतताना गाडीत पायांशी ठेवलेली चिकूची पेटी, एवढ्यात आपले डहाणू आटोपते. पण हे झाले रुळांच्या पश्चिमेचे डहाणू. स्टेशनच्या पूर्वेला उतरून जव्हारच्या रस्त्याला लागावे, म्हणजे थोड्याच वेळात वाड्या मागे पडतात, रस्ता टेकड्यांतून वळणे घेऊ लागतो आणि दोन्ही बाजूंना साग उभा राहतो. आशागड, गंजाड, चारोटी, कासा अशी गावे घेत, मधेच मुंबई-अहमदाबादचा धडधडता महामार्ग ओलांडून आपण जणू दुसऱ्याच तालुक्यात शिरतो. कागदोपत्री तालुका तोच, डहाणू. जिल्हा मात्र २०१४ च्या ऑगस्टपासून ठाणे नव्हे, पालघर. कासा सोडून उत्तरेला, तलासरीतल्या उधव्याच्या दिशेने निघालेल्या रस्त्यावर सायवन लागते.

तेथे जाऊन पाहावे असे काय आहे, असे कोणी विचारील. प्रवासी पुस्तकात लिहिण्याजोगे काही नाही. भाताची खाचरे आहेत, उतारावर नागली-वरई आहे, कुडाची घरे आहेत, त्यांत अधूनमधून सिमेंटची उठू लागली आहेत. मी गेले तेव्हा पावसाळा सरत आला होता आणि सागाला फुलोरा होता. सागाचे फूल आपण शहरातली माणसे पाहतच नाही. आपल्याला साग ठाऊक तो दरवाजाच्या चौकटीतला. एवढ्या धिप्पाड झाडाला इतकी बारीक, तांदळाच्या कणीसारखी पांढरी फुले येतात, हे पाहून मला उगीचच हसू आले.

परंतु मी निसर्गशोभेसाठी गेले नव्हते. एका चित्रासाठी गेले होते.

मला मासिकांतली मूळ चित्रे जमवण्याचा नाद आहे. मूळ म्हणजे छापील नव्हेत. चित्रकाराने स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर काढून छापखान्याकडे धाडली ती. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, कथेच्या माथ्यावरचे चित्र, विनोदी लेखातली कोपऱ्यातली आकृती, काहीही चालते. जुन्या बाजारात, रद्दीच्या गोदामात, बंद पडलेल्या छापखान्याच्या माळ्यावर एखादे सापडते. पंधरा वर्षांत माझ्याजवळ अकरा जमली आहेत. घरात या नादाला 'बाईंचे रद्दीचे दुखणे' म्हणतात आणि पाहुण्यांसमोर त्याची चर्चा टाळतात. तेव्हा कासा भागातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक असलेला माझा जुना विद्यार्थी फोनवर म्हणाला, "बाई, सायवनला एका निवृत्त गुरुजींकडे मासिकाचं मूळ चित्र आहे, साठ वर्षांपूर्वीचं," तेव्हा मी पुढल्या रविवारची लोकल धरली. २०१३ पासून उपनगरी गाडी थेट डहाणू रोडपर्यंत जाते, ही माझ्यासारखीची मोठीच सोय. पुढे एस.टी. आणि त्यापुढे माणसे, कोंबड्या व पत्र्याचे डबे एकाच भावाने नेणारी जीप.

वाटेत गंजाड लागते. चित्रांचा नाद असलेल्या माणसाने तेथे खिडकीतून नुसती मान तरी बाहेर काढावी, असे हे गाव. याच गंजाडच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत. वारल्यांच्या भिंतीवरचे चित्र कागदावर आणून ज्यांनी जगभर पोहोचवले ते हे म्हसे. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली, १९८९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात ती गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाती कागद देणारे होते मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. बिहारच्या दुष्काळाच्या दिवसांत याच गृहस्थांनी मधुबनीच्या बायकांपुढे कागद ठेवला होता. सत्तरीच्या आरंभी ते इकडे आले आणि येथेच रमले. भिंतीवरचे चित्र पुढच्या सारवणात जाते, कागदावरचे टिकते, हा त्यामागचा साधा हिशेब. हे सारे मला पाठ होते. त्या हिशेबाला सायवनला निराळाच फाटा फुटणार आहे, एवढे मात्र जीपमध्ये बसताना ध्यानी आले नव्हते.

गुरुजी ओटीवर वाट पाहत बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा आणि बोलणे तीस-पस्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाचे, म्हणजे प्रत्येक वाक्य पूर्ण. आधी कोरा चहा झाला. मग मुंबईत पाऊस किती, हे झाले. मग आतून पत्र्याची एक पेटी आली, तिच्यातून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला पुठ्ठा निघाला आणि गुरुजींनी तो माझ्या मांडीवर ठेवला.

काळ्या शाईचे आणि करड्या पाणरंगाचे चित्र होते. पाऊस पडतो आहे, रात्र आहे आणि एका झोपडीच्या दारात एक बाई उभी आहे. डाव्या हाताने कंदील उंच धरला आहे, उजव्या हाताने दाराची चौकट घट्ट पकडली आहे. कंदिलाचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर आहे. उरलेले अर्धे अंधाराचे. पावसाच्या रेघा पांढऱ्या रंगाने मागाहून ओढलेल्या. समासात निळ्या पेन्सिलीने दोन बाण आणि मध्ये '६ इंच'. खाली तांबड्या अक्षरांत 'उद्या सायंकाळपर्यंत पाहिजे'. पाठीमागे डिंकाचे डाग. आणि खालचा उजवा कोपरा, जेथे चित्रकार सही करतो, तेवढा सुरीने सरळ कापून काढलेला.

मी पुष्कळ चित्रे पाहिली आहेत. हे चांगले होते. घाईत काढलेले, पण ज्याचा हात बसलेला आहे अशाने घाईत काढलेले.

"हे आपल्याकडे आलं कसं, गुरुजी?"

"मी ब्लॉकवाल्याकडे पोऱ्या होतो," गुरुजी म्हणाले.

१९६३ साली, पंधरा वर्षांचे असताना, गावच्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर ते मुंबईला गेले आणि गिरगावातल्या एका ब्लॉक करणाऱ्याच्या दुकानात कामाला लागले. काम ने-आणीचे. चित्रकाराकडून चित्र आणायचे, ब्लॉक तयार झाला की छापखान्यात पोहोचवायचा, संध्याकाळी सेठचा डबा परत न्यायचा. ब्लॉक म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. चित्राचा फोटो जाळीच्या काचेतून घ्यायचा, म्हणजे त्याचे लहानमोठे ठिपके होतात. ते ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे आणि पत्रा तेजाबात सोडायचा. तेजाब मधला भाग खाते, ठिपके वर राहतात. मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला, की खिळ्यांच्या अक्षरांच्या उंचीला येतो आणि मजकुराबरोबर यंत्रावर चढतो. रंगीत चित्राला असे चार ब्लॉक: पिवळा, तांबडा, निळा, काळा. पैसे चौरस इंचावर.

"आणि ठोकळा कशाचा, ठाऊक आहे?" गुरुजींनी समोरच्या टेकडीकडे बोट केले. "सागाचा. माझा बा इथं ठेकेदाराच्या कुपात साग तोडायचा आणि मी तिथं सागाच्या ठोकळ्यावर बाया ठोकलेल्या उचलायचो. दोघांचं काम एकच म्हणायचं!"

गुरुजी हसले, पण या हसण्यामागे या जंगलाचा इतिहास आहे. १९४५ मध्ये डहाणू-तलासरीचे वारली उठले ते सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध आणि गवत कापण्याच्या व झाडे तोडण्याच्या मजुरीसाठी. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सारे लिहिले आहे. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या अभ्यासक्रमात ते कधी असते, कधी नसते. गुरुजींच्या घरी त्याची प्रत होती आणि आपला दिवाळी अंक ज्या ठोकळ्यांवर छापला जाई त्यांचे लाकूड कोणी तोडले, हा विचार मला त्यापूर्वी एकदाही शिवला नव्हता.

"चित्र राहिलं ते असं," गुरुजी पुढे सांगू लागले. "दिवाळी झाली होती. अंक बाजारात गेले होते. सेठ म्हणाले, पोरा, माळ्यावरचा तो गठ्ठा टाकून ये, नव्या कामाला जागा पाहिजे. वीस-बावीस चित्रं होती. मी ती कचरापेटीपर्यंत नेली. एवढं एक ठेवलं, बाकीची टाकली."

"बाकीची टाकलीत?" माझ्या तोंडून निघून गेले.

"माझी पेटी एवढीच होती, बाई," त्यांनी हाताने माप दाखवले.

वाचकहो, त्या वीस-बावीस चित्रांचे दुःख मी अजून करते आहे, पण सेठना नावे ठेवण्यात अर्थ नाही. सारेच तसे करीत. ब्लॉक जपून ठेवत, कारण त्यात धातू होता, त्याला पैसे पडलेले होते आणि तो पुन्हा वापरता येई. चित्र हा कच्चा माल. उसाचा रस निघाला की चिपाड कोण जपतो?

आणि रस कसला निघत होता! १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळीचा अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळी फराळाबरोबर चित्रांचीही झाली. १९४५ मध्ये दीनानाथ दलालांनी स्वतःचे 'दीपावली' सुरू केले. दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांची रेषा अशी की चार फटकाऱ्यांत नऊवारीतली बाई चालू लागे. मुळगावकर फवाऱ्याने रंग देत, त्यामुळे त्यांच्या देवांच्या आणि अप्सरांच्या गालांवर सारखीच साय धरलेली असे. माझे मत विचाराल तर मी दलालांच्या बाजूची. मुळगावकरांची गोडी मला एका वेळी एकच पेढा सोसते. पण आमच्या आजीने मुळगावकरांचा दत्त देव्हाऱ्यात बसवला होता आणि ती त्याला कॅलेंडरचे पान समजत नव्हती, दत्तच समजत होती. चित्रकाराला याहून काय हवे?

मुखपृष्ठावर सुंदरी असे, ती कुटुंबवत्सल. हातात निरांजनाचे तबक, कपाळावर कुंकू. त्यामुळे वडील माणसांचा इलाज चालत नसे. खरा खोडकर होता तो 'आवाज'. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये काढलेल्या या अंकात खिडकीचित्रे येत. पान कापून खिडकी केलेली. तिच्यातून भलतेच काही दिसे, आणि पान उलटावे तो आत अगदी निरुपद्रवी प्रकार! आमच्याकडे तो अंक मोठ्यांच्या उशीखाली असे आणि आम्हा मुलांना तो कोणत्या उशीखाली आहे हेही ठाऊक असे. या खिडकीचित्राचे मूळ जमवणाराची गंमत पाहा. वरचे पान मिळाले आणि आतले हरवले, तर हाती राहतो तो नुसता वाईट विचार, खुलासा गेलेला.

हे नशीब आपल्याच चित्रांचे होते असे समजू नका. सधन अमेरिकेतही असेच चालले होते. तेथे १९२०-३० च्या दशकांत लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर दहा-पंधरा सेंटांची मासिके निघत. त्या कागदावरूनच त्यांना 'पल्प' हे नाव पडले. मुखपृष्ठावर पिस्तुले, राक्षस, किंचाळणाऱ्या तरुणी. आणि हे सगळे कॅनव्हासवर तैलरंगात, रीतसर चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या माणसांनी रंगवलेले. छापून झाले की कॅनव्हास प्रकाशकाच्या गोदामात आणि तेथून उकिरड्यावर. चित्रकारही परत मागत नसत. असल्या कामाची त्यांनाच लाज वाटे. 'वीअर्ड टेल्स' नावाच्या भुताखेतांच्या मासिकाची कितीतरी मुखपृष्ठे मार्गारेट ब्रंडेज या बाईने केली. अंगावर पुरते वस्त्र नसलेल्या त्या नायिका एका बाईने काढल्या आहेत, हे बऱ्याच वाचकांना ठाऊकच नव्हते, कारण सहीत पूर्ण नाव नसे. शिवाय ती खडूने रंगवी. हात लागला की रंग पुसला. तेव्हा उरली किती असतील, याची कल्पना करा.

मग वारे फिरले. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लेसर नावाच्या संग्राहकाने अशी टाकाऊ चित्रे वर्षानुवर्षे गोळा केली आणि २००३ मध्ये ब्रुकलिनच्या संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन मांडले. कारखान्यांच्या भिंतींवर लागणाऱ्या कॅलेंडरांतल्या ललना गिल एल्व्हग्रेन नावाचा चित्रकार रंगवी. त्यांची मुळे आज लिलावात जातात. नॉर्मन रॉकवेलने १९१६ ते १९६३ या काळात 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'ची तीनशेवर मुखपृष्ठे केली. त्यांपैकी १९५१ चे एक, उपाहारगृहात जेवणापूर्वी प्रार्थना करणारी म्हातारी आणि तिचा नातू, त्याचे मूळ चित्र त्याच मासिकाच्या कलासंपादकाच्या घरी होते. २०१३ च्या डिसेंबरात ते विकले गेले चार कोटी साठ लाख डॉलरना. ज्या अंकावर ते छापले गेले तो लोकांनी काही सेंटांना घेतला होता.

हा आकडा मी सायवनच्या ओटीवर सांगितला नसता तर बरे, कारण गुरुजींचे चिरंजीव तेवढ्यात शेतावरून आले होते. ते खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारले, "मग बाई, आमच्या या चित्राचे काय येतील?"

मी खरे तेच सांगितले. सही नाही, कोपरा कापलेला, पुठ्ठा तांबूस पडलेला, कोणत्या अंकातले तेही माहीत नाही. मुंबईत कोणी हौशी भेटला तर चार आकडी रक्कम देईल, पाच आकडी देणार नाही. आणि हेही सांगितले की तो हौशी माणूस मीच आहे आणि माझ्या पिशवीत तेवढे पैसे आहेत.

चिरंजिवांनी घराच्या पाखाडीकडे पाहिले. "पत्रे टाकायला तेवढे पुरायचे नाहीत," ते म्हणाले आणि विळा घेऊन परत शेतावर गेले. रागाने नव्हे, हिशेब जमला नाही, एवढेच.

गुरुजींच्या मंडळी, म्हणजे आजी, आतापर्यंत चुलीपाशी होत्या. त्यांनी मला आत बोलावले. "कागूद बघितलास, आता आमचा चौक बघ."

मधल्या खोलीच्या भिंतीवर, शेणा-गेरूने सारवलेल्या तांबड्या जमिनीवर, लग्नाचा चौक होता. वैशाखात नातवाचे लग्न झाले, तेव्हाचा. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात काडी बुडवून काढलेला, काडीचे टोक चावून कुंचला केलेला. मध्ये पालघट देवी, चौकटीच्या चारी बाजूंना नक्षीच्या पट्ट्या, बाहेर सूर्य, चंद्र, शिडी, फणी, एका बाजूला पंचशिऱ्या घोड्यावर. वारल्यांमध्ये हा चौक काढायचा तो सवाशिणींनी, आणि धवलेरी गाणी म्हणून त्यात देवी आणते. चौकावाचून लग्न लागत नाही. आपल्याकडे पत्रिका छापल्यावाचून लागत नाही, तसे नव्हे. खरोखरच लागत नाही. काढणाऱ्यांत आजी होत्या, त्यांच्या दोन सुना होत्या. पावसाळ्याच्या ओलीने खालची पट्टी विरत चालली होती. चंद्राचा अर्धा भाग पोपडा होऊन गळला होता.

माझ्यातला संग्राहक जागा झाला. मी म्हटले, "आजी, यावर काच बसवून घेतली तर राहील."

"कशाला?" आजींना खरोखरच कळेना. "लगीन झालं ना!"

मी बाहेर आले. गुरुजींना आमचे बोलणे ऐकू आले असावे. ते गालात हसत होते. मला मात्र त्यांचे सेठ आठवत होते. दिवाळी झाली ना, टाकून ये. दोघांचे म्हणणे वरवर एकच. पण सेठच्या माळ्यावरून गेले त्याला मी नुकसान म्हणते, आणि आजींची भिंत पुसली जाईल त्याला नुकसान म्हणायला जीभ रेटत नाही. आजींना पुढच्या लग्नाला नवा चौक काढता येतो. तो हात घरात आहे. गिरगावच्या कचरापेटीत गेलेले हात परत येणार नव्हते. आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली. गंजाडला कागद आला तो सत्तरीच्या आरंभी. सायवनला, कागदावरचे एक मूळ चित्र, त्याआधीच पत्र्याच्या पेटीतून येऊन पोहोचले होते. मुंबईच्या चित्रकाराचे, कचऱ्यातून, एका वारली मुलाने वाचवलेले. या गोष्टीची नोंद कुठल्याही कलेच्या इतिहासात नाही.

"गुरुजी, वीस-बावीसांतून हेच का ठेवलंत?"

ते जरा थांबले. चष्मा काढून पुसला. "तो हात बघा. कंदील डाव्या हातात आणि उजव्या हातानं दार धरलंय. माझी आय अशीच उभी राहायची. बा कुपातून अंधार पडल्यावर यायचा, वाटेत जनावर असायचं. तो येईपर्यंत ती दार सोडायची नाही. ती गेली १९६१ साली. तिचा फोटो कुठला असायला? मी गठ्ठा उचलला आणि वरच हे होतं."

मी पिशवी मागे सरकवली.

"विकायचं नाही," गुरुजी म्हणाले. "मी तुम्हाला बोलावलं ते वेगळ्यासाठी. साठ वर्षं मी बघतोय, ही बाई कोणाची वाट बघते ते मला ठाऊक नाही. चित्र आहे म्हणजे गोष्ट असणार. ती गोष्ट मला वाचायची आहे. तुम्ही मराठीच्या बाई. तुम्हाला सापडेल."

एम.ए. झाल्यापासून आजवर माझ्या पदवीवर इतका विश्वास कोणी ठेवला नव्हता.

निघताना, जपणुकीबद्दल मला ठाऊक होते ते मी सांगितले. धोतराचे फडके ठीक, पण आत बटरपेपर घालावा. कडुलिंबाचा पाला चित्राला न लागता पेटीच्या तळाशी ठेवावा. आणि काही झाले तरी कोणी उत्साही माणूस प्लास्टिकचे वेष्टन गरम करून चिकटवून देतो म्हणाला, तर त्याला ओटीवरून परत पाठवावे. मोबाइलवर चित्राचे दोन फोटो घेतले. आजींनी वालाच्या शेंगा बांधून दिल्या.

त्यानंतरचे तीन महिने मी शनिवार-रविवार ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात काढले. १८९३ पासून उभी असलेली ही संस्था; तेथे जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत. १९६२ पासून १९६५ पर्यंतचे दिवाळी अंक मी पानन् पान चाळले. असे चाळताना कामाचे सोडून नको त्याच गोष्टी सापडतात, हा वाचनालयाचा नियमच आहे. केसांच्या तेलाच्या जाहिराती, शीर्षासनावरचे लेख, 'आदर्श सून कशी असावी' यावर एका पुरुषाने लिहिलेली सहा पाने. कंदीलवाली भेटली १९६४ च्या एका अंकात, बरोबर सहा इंच रुंदीची. छपाईत पाऊस जवळजवळ नाहीसा झाला होता. जाळीच्या ठिपक्यांत त्या बारीक पांढऱ्या रेघा बुडाल्या होत्या. म्हणजे चित्रकाराने ओढलेला पाऊस साठ वर्षे सायवनच्या पेटीतच काय तो पडत होता! सही छापलेल्या चित्रातही नव्हती, कारण त्या कोपऱ्यावर कथेचे शीर्षक चढवले होते. कोपरा का कापला, तेही त्यामुळे कळले. अनुक्रमणिकेत 'सजावट' म्हणून चौघा चित्रकारांची नावे एका ओळीत होती. कोणाचे, याबद्दल माझा तर्क आहे. पण नुसत्या तर्कावर मृताच्या नावे चित्र लावू नये.

कथा एका कोकणातल्या बाईची होती. नवरा मुंबईच्या गिरणीत. गणपतीला येतो म्हणून लिहितो, ती रात्रभर दारात उभी राहते, आणि तो येत नाही. बरी कथा. शेवट फार रडका.

फाइल मिटणार, तो त्याच प्रकाशनाचा १९६६ चा अंक खालीच होता, म्हणून सहज उघडला. त्यात एका रहस्यकथेच्या माथ्यावर आमची कंदीलवाली पुन्हा! तोच ब्लॉक. फक्त नव्या जागेत बसेना, म्हणून डावीकडून कापलेला. त्यामुळे कंदील गेला आणि वर उचललेला नुसता हात राहिला. या कथेत ती एका दरोडेखोराची बायको होती आणि हात वर करून साथीदारांना खूण करीत होती.

मी दोन्ही कथांच्या छायाप्रती काढून गुरुजींना टपालाने पाठवल्या, बरोबर बटरपेपरचे चार ताव. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"दोन्ही वाचल्या, बाई. नातीलाही वाचून दाखवल्या. ती म्हणते, आजोबा, ही बाई कोणाची वाट बघत नाही, ही कोंबड्या मोजते आहे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"पहिली गोष्ट चांगली आहे. भाषा शुद्ध आहे." मास्तर बोलला. मग थोडा वेळ नुसता पावसासारखा आवाज येत राहिला. तिकडे वारा असावा. "पण तो येत नाही असं लिहिलंय ते काही बरोबर नाही. आमचा बा यायचा. उशीर व्हायचा, पण यायचा."

दोन्ही छायाप्रती त्यांनी पेटीत ठेवल्या आहेत, चित्राखाली, मध्ये बटरपेपर घालून. येत्या वैशाखात धाकट्या नातवाचे लग्न आहे. मधल्या खोलीची भिंत आजी सारवून घेणार आहेत आणि चौक नव्याने निघणार आहे. मला पत्रिका येणार नाही, तोंडी बोलावणे आले आहे. मी जाणार आहे. जाताना काय न्यावे, असे विचारले तर आजींनी सांगितले की तांदूळ घरचे आहेत, गेरू तेवढा चांगला मिळाला तर आण.